प्रोफेसर केळफा आणि पापणी मिटणारा कॅमेरा

कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की वांगणी, मग शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि शेवटी कर्जत. १९१२ साली यातल्या वांगणीत एक टोळी पकडली गेली. अंगावर राजेशाही पोशाख, हातात तलवारी, आणि गावात कोणाच्याच ओळखीचे नाहीत. गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले. पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला, सगळ्यांना धरलं. खरं तर ही 'राजा हरिश्चंद्र'ची नटमंडळी होती. पण चित्रपट काढणं म्हणजे काय, हे फौजदाराला समजावायचं कसं? चित्रपट काढण्याचा उद्योग तेव्हा मुंबईतही नवलाचा होता. शेवटी धुंडिराज गोविंद फाळके यांनी कॅमेरा तिपाईवर चढवला, नटांना एक प्रसंग करायला लावला आणि स्वतः मूठ फिरवत राहिले. फौजदाराची खात्री पटली, मंडळी सुटली. कॅमेऱ्यात फिल्म घातलेलीच नव्हती.

बेड्यांतून आणि पेट्यांतून सुटून दाखवणारे जादूगार त्या काळात युरोप-अमेरिकेत गाजत होते. वांगणीतली ही सुटकाही त्याच जातीची. प्रेक्षकाला समोर काहीतरी घडताना दिसायला हवं, बाकीचं तो स्वतःच पुरवतो. फाळक्यांना हे ठाऊक असणारच, कारण सिनेमाकडे वळण्याआधी ते रंगमंचावर जादूचे प्रयोग करत. त्यासाठी घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा. आडनावाची अक्षरं उलटी लावली की झालं.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण ते शाळेच्या पुस्तकांतून बहुतेकांना माहीत आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. मुंबईत जे. जे. कलाशाळा, बडोद्यात कलाभवन, मग गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ. प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं आणि गोध्रा सुटलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना आणि रविवर्मा छापखान्याची कामं. लोणावळ्याहून मुंबईला जायचं तर बोरघाट उतरून कर्जतवरूनच जावं लागे. घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडीचं तोंड फिरवून पुढचा उतार धरायचा. गाडी चढताना मागे जादा इंजिनं लागतात ती कर्जतला, आजही. म्हणजे सिनेमाच्या आधीच्या दिवसांत केळफा या पट्ट्यातून बरेचदा गेले असणार, हे मानायला हरकत नाही.

त्यांच्या चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे ते जादू शिकले कार्ल हर्ट्झकडून. मराठीत बऱ्याच ठिकाणी हर्ट्झला जर्मन म्हटलेलं आढळतं. माणूस अमेरिकन होता, सॅन फ्रान्सिस्कोचा, फक्त रंगमंचावरचं नाव जर्मन वळणाचं. हर्ट्झ आपल्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो दोन गोष्टींमुळे. 'अदृश्य होणारी स्त्री' हा त्या काळचा सगळ्यांत गाजलेला खेळ तो करत असे. आणि १८९६ साली दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर तो जादूच्या सामानाबरोबर सिनेमाचं यंत्रही घेऊन गेला होता. जादू आणि हलती चित्रं एकाच गाठोड्यात.

'अदृश्य होणारी स्त्री' हा खेळ मूळचा ब्वातिए द कोल्टा या फ्रेंच जादूगाराचा, १८८६ सालचा. तो कसा चाले, ते नीट पाहिलं तर फाळक्यांनी पुढे काय केलं ते समजायला सोपं जातं. जादूगार रंगमंचावर एक मोठं वर्तमानपत्र अंथरतो, म्हणजे खाली चोरदार नाही अशी लोकांची समजूत व्हावी. त्यावर खुर्ची, खुर्चीत बाई. बाईवर रेशमी वस्त्र टाकतो. वस्त्राखाली डोकं, खांदे, गुडघे यांचा उठाव स्पष्ट दिसत असतो. जादूगार वस्त्र झटकन ओढतो आणि खुर्ची रिकामी.

वर्तमानपत्र आधीच कापून ठेवलेलं असतं, चोरदाराच्या मापाचं. खुर्चीच्या पाठीत तारेचा हलका सांगाडा दडवलेला असतो. वस्त्र पडताना तो वर येतो आणि डोक्या-खांद्यांचा आकार धरून ठेवतो. बाई बैठकीतून खाली सरकते. ती केव्हाच गेलेली असताना प्रेक्षक तारेच्या सांगाड्याकडे पाहत असतात. वस्त्र ओढलं जातं त्या क्षणी काहीच घडत नाही, फक्त सांगाडा मागे पडतो. जादू त्याआधीच उरकलेली असते.

हॅरी हुडिनीची पेटीही याच तत्त्वावर चाले. बुडापेस्टला जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा माणूस १८९४ पासून पत्नी बेसबरोबर 'मेटॅमॉर्फोसिस' नावाचा खेळ करत असे. हुडिनीचे हात बांधायचे, त्याला गोणीत घालायचं, गोणीचं तोंड आवळायचं, गोणी पेटीत, पेटीला कुलूप, वरून दोरखंड. बेस पडद्यामागे जाते, तीन टाळ्या वाजवते. तिसऱ्या टाळीला पडदा बाजूला होतो तर बाहेर हुडिनी उभा, आणि पेटी सोडून, गोणी उघडून पाहावं तर आत बेस. मधला वेळ फक्त तीन टाळ्यांचा. प्रेक्षक हिशेब करतो तो या तीन टाळ्यांचा, आणि तिथेच फसतो. बाहेर कुलूप लावण्याचा, दोर आवळण्याचा सोहळा चाललेला असतो तेव्हा आतला माणूस गोणीतून मोकळा होऊन बसलेला असतो. पेटीची एक फळी दोर न सोडता उघडते. उरतं ते शेवटचं सरकणं, आणि ते मात्र हजारदा घटवलेलं असतं. ही फळी कुठे असते, हे कळलं तरी खेळ जमत नाही. दोघांच्या अंगाची चपळाई हाच त्यातला अवघड भाग.

आपल्याकडच्या मदाऱ्याची टोपलीसुद्धा याच कुळातली. हुडिनीला हिंदुस्थानी जादूचं आकर्षण होतं. सुया गिळून त्या दोऱ्यात ओवलेल्या बाहेर काढण्याचा त्याचा एक प्रसिद्ध खेळ होता, त्याला तो 'ईस्ट इंडियन नीडल ट्रिक' म्हणे.

रंगमंचावरच्या जादूगाराची खरी अडचण अशी की प्रेक्षकाला दोन डोळे असतात, ते कधीही मिटत नाहीत, आणि प्रेक्षागृहात असे शेकडो लोक वेगवेगळ्या कोनांत बसलेले असतात. डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवरून पेटीची मागची बाजू दिसते का, याची काळजी जादूगाराला आयुष्यभर असते. कॅमेऱ्याला डोळा एकच. आपण ठेवू तिथे तो बसतो, तिथून हलत नाही. आणि आपण सांगू तेव्हा पापणी मिटतो. केळफांना चोरदार, तारेचा सांगाडा, गोणी, फळी यांतलं काहीच लागेना झालं, ते या पापणीमुळे.

पापणी मिटते कशी? फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. तो हाताने मूठ फिरवून चालायचा. मुठीच्या एका फेऱ्यात फिल्मची आठ चित्रं पुढे सरकत, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला सोळाच चित्रं बसतात, तेव्हा एका सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म. हिशेबाला फार सोयीचं. फिल्म दर चित्रापुढे क्षणभर थांबते, मधल्या सरकण्याच्या वेळी फिरती चकती भिंग झाकते.

आता ऋषी अदृश्य करायचा आहे. नट जागेवर उभा राहतो. दिग्दर्शक ओरडतो, सगळे जिथल्या तिथे गोठतात. मूठ थांबते. ऋषी चालत चौकटीबाहेर जातो, बिडी ओढतो म्हणा. बाकीचे तसेच ताठ उभे. मूठ पुन्हा सुरू. पडद्यावर ऋषी डोळ्यांदेखत नाहीसा. हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. मूठ चुकीच्या जागी थांबली तर भिंग उघडं राहतं आणि ते एक चित्र उजेडाने भाजून निघतं. पुन्हा सुरू करताना पहिले दोन-चार फेरे हळू पडतात, तेवढी चित्रं जास्त उजळ येतात. म्हणून फिल्म धुतल्यावर ती चित्रं कात्रीने कापून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवायची. तेही इतकं नेमकं की मधे जो नट गोठून उभा होता त्याचा हात एका चित्रात वर, पुढच्यात खाली असं होता कामा नये. पॅरिसमध्ये रॉबेर-उदँ नाट्यगृह चालवणारा जादूगार जॉर्ज मेलिएस याच वाटेने सिनेमात आला होता. १८९६ मध्ये त्याने द कोल्टाचाच तो खेळ फिल्मवर केला. गंमत म्हणजे चोरदाराची गरज नसतानाही त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. सवय सुटत नाही.

फिल्म कच्ची असतानाच फाळक्यांच्या घरी आणखी एक काम असे, ते त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचं. आलेल्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती दादरच्या घरी, अंधारात, यंत्रावर पाडावी लागत. भोकं नीट पडली नाहीत तर चित्र पडद्यावर थरथरतं, आणि थरथरत्या चित्रात ऋषी गायब झाला काय आणि नाही झाला काय. चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उन्हाचा उजेड पाडायचा, मंडळींचा स्वयंपाक करायचा, आणि रात्री हे. रंगमंचावर जादूगाराची साथीदार पेटीत शिरते म्हणून तिला टाळी तरी मिळते.

दुसरी करामत विरघळण्याची. एक माणूस हळूहळू दुसरा होतो, किंवा हवेतून देव प्रकटतो. यासाठी मूठ फिरवत असतानाच भिंगाची बाहुली सावकाश बंद करत न्यायची, म्हणजे चित्र काळोखात बुडतं. तीन सेकंदांत बुडवायचं असेल तर सहा फेरे. मग भिंगावर झाकण ठेवून तेच सहा फेरे उलटे, फिल्म मागे. नटाने वेष बदलायचा, त्याच जागी येऊन बसायचं, आणि बाहुली सावकाश उघडत सहा फेरे पुन्हा पुढे. त्या तीन फूट फिल्मवर दोन्ही चित्रं एकावर एक उमटतात, एक मावळताना दुसरं उगवतं. फेरे मोजण्यात एकाची चूक झाली तर मधे काळा खड्डा पडतो. आणि हे सगळं धुतल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे जादू जमली की फसली हे जादूगारालाच रात्री कळणार.

'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) हे पाहायला मिळतं, आणि ते जपलेलं आहे, म्हणून मी सगळ्यांना आधी तोच पाहायला सांगतो. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर राग, हसू, भीती आणून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे जादूगार आधी रुमालाच्या दोन्ही बाजू दाखवतो, तसं. ही मुलगी आहे, देव नाही, हे सांगून झाल्यावर देव दाखवायचा! मला तरी हा सगळ्या फाळके-चित्रपटांतला सर्वांत धीट क्षण वाटतो.

तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. १८८० च्या दशकात युरोपात 'ब्लॅक आर्ट' नावाचा प्रकार निघाला होता. रंगमंच तिन्ही बाजूंनी काळ्या मखमलीने मढवायचा, पुढच्या कडेला प्रेक्षकांच्या दिशेने दिवे लावून त्यांचे डोळे किंचित दिपवायचे. आत काळ्या कपड्यातला, काळ्या बुरख्यातला मदतनीस फिरत असला तरी दिसत नाही. त्याने हातात पांढरी फुलदाणी धरली की ती हवेत तरंगते. काळ्यावर काळं दिसत नाही, एवढंच.

फिल्मला हे आणखी नेमकेपणाने लागू पडतं. जिथे उजेड पोचला नाही ती जागा कोरी राहते, तिथे नंतर दुसरं चित्र घेता येतं. 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये (१९१८) कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर उडतं आणि परत येऊन बसतं. अशा दृश्याची रीत अशी: नटाच्या डोक्यावर काळी मखमल ओढून, मागे काळा पडदा लावून आधी नुसतं धड टिपायचं. फिल्म मागे न्यायची. मग धडावर काळं पांघरून नुसतं डोकं. दुसऱ्या वेळी डोकं चौकटीत वर सरकवलं की उडालं. दोन्ही वेळी कॅमेरा केसभरही हलता कामा नये, आणि नटाला आपलं धड कुठे होतं ते आठवत राहायला हवं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळाच येई. त्यामुळे मखमल नसेल तर गडद लाल कापडही चालून जाई. उलट निळं आकाश मात्र पांढरंफटक.

आज खालापूर तालुक्यात चौकजवळ, नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओसारख्या ठिकाणी काळ्या मखमलीची जागा हिरव्या कापडाने घेतली आहे. हिरवा का? माणसाच्या कातडीच्या रंगापेक्षा तो अगदी वेगळा असतो, त्यामुळे संगणकाला 'हे काढ' असं सांगणं सोपं जातं. काळ्या पडद्यात नटाचे काळे केसही हरवत, हिरव्यात हरवत नाहीत. सुधारणा एवढीच, तत्त्व द कोल्टाच्या काळातलंच. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरून खोपोलीकडे जाताना मला दर वेळी वाटतं की खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, पण फाळक्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांचा दिवा होता सूर्य. ढग आला की काम बंद.

जादूगाराची थाप मारण्याची हौस मात्र फाळक्यांनी सोडली नाही. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच खेळात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी जगलिंग करणारा एक अलेक्झांडर होता. म्हणजे सिनेमा अजून जादूच्या खेळांच्या रांगेतच बसलेला होता. सुरतेला माणसं येईनात तेव्हा जाहिरात केली गेली ती अशी की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट तीन आणे. हिशेब करून पाहा. फुटाला सोळा चित्रं, तर सत्तावन्न हजारांची लांबी साडेतीन हजार फुटांच्या थोडी वर. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचाच होता, म्हणजे फोटोंचा आकडा खराच, उलट थोडा कमीच सांगितलेला. पण मैल ५२८० फुटांचा. पाऊण मैलसुद्धा भरत नाही. खऱ्या आकड्याला खेटून खोटा आकडा उभा केला की दोन्ही खरे वाटतात. ही जुनी हातचलाखी.

कॅमेऱ्याने केळफांना जे दिलं ते हुडिनीकडून काढून घेतलं, हेही इथेच सांगायला हवं. हुडिनी १९१९ च्या सुमाराला सिनेमात उतरला, 'द मास्टर मिस्ट्री' ही मालिका, मग 'द ग्रिम गेम'. यश बेताचंच. सुटकेच्या खेळाचा जीव असतो साक्षीदारात. बेड्या तपासणारा पोलीस, दोर आवळणारा प्रेक्षक, पाण्याच्या पेटीजवळ कुऱ्हाड घेऊन उभा असलेला मदतनीस. पडद्यावर हे सगळं असलं तरी मूठ कधीही थांबवता येते, हे एव्हाना प्रेक्षकांना कळलं होतं. हुडिनी बर्फाळ नदीतून खरोखर सुटला असता तरी लोक म्हणाले असते, कापलं असेल. 'द ग्रिम गेम'च्या वेळी दोन विमानं हवेत खरोखर एकमेकांवर आदळली, कोणी मेलं नाही, तो अपघात तसाच चित्रपटात वापरला गेला. पण त्या वेळी विमानाला लोंबकळत होता तो हुडिनी नव्हताच, त्याच्या जागी दुसरा माणूस होता. देवाचं प्रकट होणं मात्र खरं होतं की खोटं, असा प्रश्न फाळक्यांच्या प्रेक्षकाला पडत नव्हता. त्याला ते कसं दिसेल एवढंच पाहायचं होतं.

आणि फाळक्यांनी ते कसं केलं हेही दाखवून टाकलं. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसा तयार होतो यावरच एक छोटा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः नटांना शिकवताना, फिल्म तपासताना दिसतात. पडद्यामागचं दाखवायचं नाही ही जादूगारांची पहिली शपथ. केळफांनी ती मोडली, आणि तरी लोक 'कालिया मर्दन'ला जात राहिले.

माणूस नाहीसा करण्याची ती पहिली करामत स्वतः करून पाहायची असेल तर फार काही लागत नाही. कर्जतला उल्हास नदीच्या काठावर सपाट जागा पुष्कळ आहे. मोबाइल हातात धरू नका, दगडावर टेकवून पक्का बसवा. पडद्यावर बोट दाबून ठेवलं की उजेड आणि फोकस दोन्ही जागच्या जागी अडकतात, ते आधी करा, नाहीतर माणूस बाजूला होताच चित्र स्वतःहून उजळेल आणि चोरी उघडी पडेल. चित्रण थांबवूही नका. फाळक्यांना फूट-फूट फिल्म वाचवायची होती, तुम्हाला नाही. माणूस चालत बाहेर जाऊ दे, मधला तुकडा नंतर कापा. मागे उंच गवत नको, ते वाऱ्याने हलतं आणि जोड दाखवतं. वाहतं पाणी चालतं, त्याचा सांधा डोळ्याला कळत नाही. पावसाळा संपल्यावरचे दिवस निवडा, पण ढग असतील तर थांबा, कारण एक ढग सूर्यावरून सरकला की दोन तुकड्यांचा उजेड जुळत नाही. आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करू नका. त्या वेळी सावल्या लांब असतात आणि बघता बघता सरकतात. बाराच्या सुमाराला त्या पायाशी गोळा होतात, तेव्हा दोन-चार मिनिटं इकडची तिकडे झाली तरी चालून जातं.